उशाकडचा डाग

माझा माझ्या हातांवर विश्वास नाही. प्रयोगशाळेत शिरताना मी ते साबणाने धुते, मद्यार्काने पुसते, मोज्यांवर मोजे चढवते, आणि तरीही खुर्चीच्या पाठीला चुकून स्पर्श झाला की सगळे उतरवून पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. माणसाच्या त्वचेवर, घामात, श्वासाच्या तुषारांत एक विकर, म्हणजे एन्झाइम, असते आणि आरएनए नावाच्या नाजूक रेणूचा फडशा पाडणे हाच त्याचा उद्योग. ज्याचा शोध घ्यायचा, त्याचाच घास घेणारे दहा बोटांवर बाळगत मी या कुंभकोणमात आयुष्याची उमेदीची वर्षे घालवली. अशा माणसाला स्वस्थता लाभत नाही. निवृत्ती आता दाराशी आली आहे, पण गाडीत बसले तरी माझे हात मांडीवर पालथे पडत नाहीत. कशालाही न टेकता हवेत राहतात. समोरचे प्रवासी मला कर्मठ समजतात.

महाराष्ट्रातल्या वाचकांना माझी भाषा जुनाट वाटेल. आमचे पूर्वज मराठ्यांच्या राज्याबरोबर तंजावरास आले आणि इथेच राहिले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. वडिलांनी मला लहानपणी आर्या आणि श्लोक पाठ करायला लावले ते कानासाठी. ‘अक्षर चुकले तरी चालेल, मात्रा चुकू नये,’ असे ते म्हणत. पुढे रसायनांच्या मात्रा मोजण्यात जन्म जाणार आहे, हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हते आणि मलाही.

काम काय, ते आधी सांगते. गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या डागातून डीएनए काढला की तो डाग कुणाचा, हे कळते. डीएनए देवळाच्या पायथ्याशी कोरलेल्या शिलालेखासारखा असतो. वर शेवाळ चढले तरी अक्षर उरते. परंतु तो डाग शरीरातल्या कुठल्या वाटेने आला, हे शिलालेख सांगत नाही. जखमेतले रक्त, मासिक पाळीचे रक्त, लाळ, या सगळ्यांचा डीएनए एकच. निराळा असतो तो आरएनए, कारण शरीराचा प्रत्येक भाग आपापल्या कामापुरते निरोप लिहितो आणि लिहून झाले की पुसून टाकतो. आमच्या गल्लीत सकाळी दारोदारी तांदळाच्या पिठाची रांगोळी घालतात. दुपारपर्यंत मुंग्या ती वेचून नेतात. आरएनए तसा आहे. पण डाग लवकर वाळला आणि कोरडा राहिला, तर मुंग्या थबकतात. त्या थबकलेल्या रांगोळीची उरलेली वळणे वाचणे, हा माझा धंदा.

डाग कापायचा, द्रावात भिजवायचा, गाळणीसारख्या बारीक नळीत आरएनए अडकवायचा, सोबत आलेला डीएनए नष्ट करायचा, आणि शेवटी पाण्याच्या दोन-चार थेंबांत जे उतरेल ते मोजायचे. हे मोजणे लोकांना कारकुनी वाटते. माझ्या मते सारा न्याय तिथेच आहे. आरएनए पुरेसा असताना ‘पाळीची खूण दिसली नाही’ असे म्हणणे हे विधान होय; तो पुरेसा नसताना तेच म्हणणे म्हणजे अंधारात बघून खोलीत कुणी नाही असे सांगणे.

कधी गंमतही होते. जवळच्या एका खेड्यात भावाभावांत मारामारी झाली आणि भिंतीवर रक्ताचे शिंतोडे उडाले, अशी तक्रार आली. सब-इन्स्पेक्टर सेल्वम यांनी भिंतीचा खरवडा पाकिटात घालून पाठवला. पाकीट उघडले आणि सुपारी, चुना व लवंगेचा असा काही दरवळ सुटला की माझ्या सहायिकेने, भुवनाने, तोंडावरच्या पट्टीआडून मोठा श्वास घेतला. चुन्याने बराच आरएनए खाल्ला होता, उरला तो लाळेचा. रक्ताचा कण नव्हता. मी फोन केला.

“म्हणजे कुणी मारलंच नाही?” सेल्वम म्हणाले.

“मारली ती पिचकारी, सार. भिंतीला.”

“मग कलम कोणतं लावू, मॅडम?”

“भिंत कुणी रंगवली होती त्याला विचारा.”

ते मनापासून हसले. याच सेल्वम यांच्याकडून पुढे आलेल्या एका पाकिटाने माझी झोप नेली, म्हणून त्यांची ओळख आधी करून दिली.

पाकिटात लव्हाळ्याच्या चटईचा तळहाताएवढा तुकडा होता. सोबत हकिगत. स्वामिमलैपलीकडच्या एका खेड्यातली मल्लिका. खेड्याचे नाव लिहीत नाही, तिचेही खरे नाव हे नव्हे. पाळीच्या दिवसांत ती मागच्या पडवीत निजली असताना नवऱ्याने पितळी तांब्या तिच्या कपाळावर हाणला, असे तिचे म्हणणे. रक्त चटईवर सांडले. ती तशीच माहेरी गेली, डॉक्टरकडे गेली नाही, आणि जखम भरून आल्यावर, नवरा अकरा वर्षांच्या मुलीला भेटू देईना तेव्हा, तक्रार घेऊन आली. नवऱ्याचे म्हणणे असे: कपाळावरचा व्रण लहानपणचा, आणि चटईवरचे रक्त दर महिन्याचे, चटई त्याचसाठी तर होती. रक्त मल्लिकाचे, याबद्दल वाद नव्हता. ते कुठले, एवढाच प्रश्न होता. ते पाळीचे ठरले तर तक्रार खोटी म्हणून निकालात निघणार, आणि खोटारड्या बाईच्या हाती मुलगी द्यायला कोणते न्यायालय तयार होणार?

आम्ही तुकड्यातून आरएनए काढला. थेंबातून प्रकाश सोडून मोजणाऱ्या यंत्राने आकडा दाखवला तो एवढा मोठा की भुवना टाळी वाजवायची राहिली.

“अक्का, लॉटरी लागली आपल्याला!”

“लॉटरी पिवळी का दिसते गं?”

तिने नळी उजेडाकडे धरली. तळाच्या थेंबात अगदी पुसट पिवळेपणा होता, ताकाच्या निवळीसारखा. शुद्धतेचा आकडा बिघडलेला होता, आणि पुढची पायरी, जिथे त्या निरोपांच्या प्रती काढतात, ती सुरूच होईना. यंत्र ज्याला आरएनए समजले त्यातले बरेचसे भलतेच काही होते. आम्ही अर्क पुन्हा धुतला, पुन्हा मोजला. आकडा कोसळला, पण पुरेसा राहिला. मग प्रती निघाल्या आणि उत्तर स्वच्छ आले: पाळीचे रक्त.

अहवाल टंकून माझ्या टेबलावर आला. सहीपुरता. मी पेन उघडले, मिटले, उठून खिडकीशी गेले, परत आले. भुवना म्हणाली, “अक्का, यंत्र बोललं, आता तुम्ही कशाला फेऱ्या मारता?” उत्तर बरोबर असूनही बेचैनी जाईना. तो पिवळेपणा माझ्या डोळ्यांत कणासारखा खुपत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सांबाराला डाळ घातली, हळद टाकली, आणि हात धुताना नखाच्या कडेला राहिलेली ती पिवळी रेघ पाहून तशीच थांबले. आमच्या घरी त्या दिवसांना ‘दूर बसणे’ म्हणत. तमिळ शेजारणीही ‘दूरम्’च म्हणत. दूर बसणारीची चटई वेगळी असे आणि ती कोपऱ्यात गुंडाळून उभी राही. तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा झाला, तर आधी हळदीचे पाणी शिंपडावे लागे. ओल्या लव्हाळ्याचा आणि हळदीचा तो मिसळलेला वास, पावसाळी कडबा आणि देव्हारा एकत्र आल्यासारखा, माझ्या बाराव्या वर्षापासून मला ठाऊक होता. नळीतल्या त्या थेंबाला मी ओळखले नव्हते, इतकेच.

मग विचार पुढे धावू लागला. हळदीचे पाणी शिंपडले ते चटईला हात लावण्यापूर्वी. म्हणजे हात लावणारी व्यक्ती पोलीस नव्हती. पोलीस जप्तीच्या मालावर हळद शिंपडत नाहीत.

प्रयोगशाळेत पोचताच मी तुकड्याची कड भिंगाखाली धरली आणि फोन उचलला.

“सार, चटई कुणी कापली?”

“आम्हीच, मॅडम. पंचांसमोर.”

“कशानं?”

“कशानं म्हणजे... कात्रीनं.”

“कात्री दोन्ही बाजूंनी चावते. ही कड एकाच बाजूला दबलीय. ही विळी आहे. तुमच्या ठाण्यात विळी असते?”

मग सेल्वम खालच्या आवाजात म्हणाले, “मॅडम, तुम्ही बाईमाणूस, तुम्हाला सांगतो. ती त्या दिवसांतली चटई. माझ्या कॉन्स्टेबलनं शबरीमलैची माळ घातलेली. व्रत चालू. त्याला मी हात लाव कसं म्हणू?”

“आणि तुम्ही?”

“माझी सासुरवाडी त्याच गल्लीत आहे, मॅडम.”

“मग कापली कुणी?”

“घरातल्या म्हातारीनं.”

“म्हणजे नवऱ्याच्या आईनं.”

“...हो. तिनंसुद्धा पाणी शिंपडल्याशिवाय हात नाही लावला. फार सोवळी बाई.”

“आणि कुठला तुकडा कापायचा, तेही त्या सोवळ्या बाईनंच ठरवलं?”

सेल्वम वाईट माणूस नव्हेत. दारात उभे राहून त्यांनी पंचनामा केला होता. तेवढ्या अंतरावरून चटईचा मध्य आणि चटईची टोके सारखीच दिसतात.

अहवालावर मी सही केली, कारण त्या तुकड्यापुरते त्यात लिहिलेले खरे होते. परंतु तुकडा कुठून व कुणी कापला याविषयी शंका नोंदवून संपूर्ण चटई मागवली. न्यायालयाची परवानगी मिळून ती येईपर्यंत बराच काळ गेला. त्या काळात मी इतर कामे केली खरी, पण चुलीवर काहीतरी ठेवून घराबाहेर पडलेल्या बाईसारखी. मल्लिकाला मी तोवर पाहिलेले नव्हते. आमच्या धंद्यात माणूस पाहायचा नसतो, डाग पाहायचा असतो.

चटई आली आणि टेबलावर पसरली. मध्यभागी विळीने केलेले चौकोनी भोक. एका टोकाला लव्हाळे किंचित खोलगट झिजलेले, आणि वाकून पाहिले तर विणीत अडकलेले दोन लांब केस. मोज्यांतून काही कळत नाही, पण वास कळतो. खोबरेल. डोके इथे टेकत होते. उशाकडची ती जागा घासलेली होती, शिकेकाई लावून खरखरीत बोटांनी घासावी तशी. पृष्ठभागावर फिकट तपकिरी सावली तेवढी उरली होती.

“गेलं सगळं,” भुवना म्हणाली.

आम्ही चटई उलटी केली. लव्हाळ्याच्या काड्या सुताच्या आडव्या दोऱ्यांनी बांधलेल्या असतात. रक्त काड्यांवरून ओघळून त्या सुतात शिरले होते. घासणारीने वरची बाजू घासली. उलटी करायची म्हणजे अधिक हाताळायची, तेवढे तिला सोसले नसावे. सहा-सात दोरे गडद होते, वाळून ताठ झालेले, जुन्या वातींसारखे.

पहिल्या दोन दोऱ्यांतून आरएनए निघाला, पण अगदीच थोडा. त्यात जखमेच्या रक्ताची खूण दिसली, पाळीची दिसली नाही. भुवनाचे डोळे चमकले. मी मान हलवली. इतक्या थोड्या आरएनएत पाळीची खूण असती तरी दिसली नसती. अंधारी खोली.

आता दोनच मार्ग होते. एक, इथेच थांबून ‘निष्कर्ष काढता येत नाही’ असे लिहायचे आणि उरलेले दोरे पुढेमागे कुणाला पुन्हा तपासता यावेत म्हणून जपून ठेवायचे. दुसरा, उरलेले सगळे दोरे एकत्र करून एकच मोठा अर्क काढायचा. तो साधला तर उत्तर मिळेल. नळी फुटली, मोजा फाटला, माझ्या घामाचा एक कण आत पडला, तर मल्लिकाचे म्हणणे जगात कुठेच उरणार नाही. डाग एकदाच कापता येतो.

मी न्यायालयाला विचारले; परवानगी दुसऱ्या मार्गाची मिळाली. मी सगळी उपकरणे नव्याने स्वच्छ केली, पंखा बंद करवला. उकाड्यात भुवनाच्या भुवईवर घाम जमू लागला तशी मी तिला टेबलापासून मागे सरकवले.

“आता मीसुद्धा दूर बसू का, अक्का?”

तिने ते थट्टेत म्हटले. मला हसू आले नाही, आणि मग आले.

दोरे भिजले. द्राव गढूळ तांबूस झाला. प्रत्येक पायरीवर मी श्वास धरून ठेवत होते, आणि आत कुठेतरी वडिलांनी शिकवलेल्या आर्येच्या मात्रा आपोआप मोजल्या जात होत्या. मनाला काहीतरी धरायला हवे असते. शेवटचा थेंब उतरला तो स्वच्छ, बिनरंगी होता. या वेळी मी एकट्या प्रकाशाच्या यंत्रावर विसंबले नाही; आरएनएला चिकटून चमकणारा रंग घालून दुसऱ्या पद्धतीनेही मोजले. दोन्ही आकडे एकमेकांजवळ आले. पुरेसा. भरपूर नव्हे, पण पुरेसा: इतक्यात पाळीची खूण असती, तर दिसायला हवी होती.

मग प्रतींचे यंत्र चालू केले. पडद्यावर जखमेच्या रक्ताची रेघ हळूहळू उचलली आणि वर गेली. पाळीच्या खुणांच्या रेघा तळाशी आडव्या होत्या. मी आणि भुवना त्या आडव्या रेघांकडे डोळे लावून बसलो होतो. शेवटपर्यंत त्या तशाच राहिल्या.

साक्षीसाठी मला न्यायालयात बोलावले. मल्लिकाला मी प्रथम तिथे पाहिले: सडसडीत, हिरवी सुती साडी, कपाळावर केसांच्या रेषेलगत चंद्रकोरीसारखा पांढुरका व्रण. नवऱ्याचे वकील माझे दोन्ही अहवाल हातात खेळवत उठले.

“मॅडम, या अहवालात पाळीचं रक्त. यात जखमेचं. चटई एक, बाई एक. खोटा कुठला?”

“कुठलाच नाही. एक चटईच्या मधला डाग आहे, एक उशाकडचा.”

“कदाचित उशी पायाकडे असेल.”

“एवढे लांब केस पायांना नसतात, वकीलसाहेब.”

मागच्या बाकांवर खसखस पिकली. न्यायाधीश बाईंनी मान वर न करता चटई दाखवायला सांगितले. कारकुनाने पुडक्याची गाठ सोडली आणि चटईच्या कडेशी त्याची बोटे घुटमळली. हात न लावता उलगडायला लाकडी पट्टी शोधू लागला बिचारा. तेव्हा मल्लिका बाकावरून उठली.

“मी उलगडते, अम्मा,” ती न्यायाधीशांना म्हणाली. “मला सवय आहे.”

कुणी अडवले नाही. तिने चटई टेबलावर एका झटक्यात पसरली, जशी घरोघरी पसरतात, आणि झिजलेल्या टोकावर तळवा ठेवला. “डोकं इथं.” मग भोकाकडे बोट केले. “हे सासूबाईंनी निवडलं.” वकील काहीतरी म्हणाले, पण खुर्च्यांच्या आवाजात ते हरवले.

मुख्य खटला अजून चालू आहे. त्या दिवशी ठरले ते एवढेच की तक्रार खोटी म्हणून काढून टाकता येणार नाही, आणि तोवर मुलगी आईकडे राहील. पुढच्या आठवड्यात बसस्थानकाबाहेरच्या कॉफीच्या दुकानात मला दोघी भेटल्या. मल्लिकाने मला ओळखले. माझ्यासाठी पितळी डबऱ्यातून, म्हणजे पसरट वाटीतून, पेल्यात वरखाली ओतून कॉफी स्वतः गार करून दिली. मुलगी शाळेच्या दप्तरावर हनुवटी टेकवून आमच्याकडे पाहत होती.

“अम्मा, रागावू नका, एक विचारते,” मल्लिका म्हणाली. “त्या दोऱ्यांनी तुम्हाला असं काय सांगितलं, जे मी पहिल्याच दिवशी ठाण्यात सांगितलं नव्हतं?”

प्रश्न न्यायालयात आला असता, तर मला बोलता आले असते: पुराव्याचे स्वरूप, पडताळणी, पुरेशी मात्रा.

“काही नाही,” मी म्हटले. “तेच सांगितलं.”

तिने मान डोलावली, मुलीची वेणी पुढे ओढून रिबीन घट्ट बांधली.

“बरं झालं. एक शब्द जास्त सांगितला असता, तर त्याचाही जाब मलाच विचारला असता.”

तिरुवलंचुळीच्या बसचा भोंगा वाजला. मुलीचा हात धरून ती गर्दीत शिरली, आणि कॉफी पार थंड झाली तरी मी पेला धरून तिथेच उभी राहिले.